गुरुवारची दुपार, दोन ते तीन

गुरुवारची दुपार कुणालाच नको होती.
दुरुस्तीसाठी वीज जाते, नळही कोरडे,
पंखा थांबला की लोक घामाने जागे होतात,
पण रेडिओ लावणार कशावर?
म्हणून ती वेळ माझ्या वाट्याला आली,
कालच्या पोळीसारखी, न विचारता.

धनकवडीत, पिठाच्या गिरणीवरची खोली.
भिंतींना अंड्यांचे ट्रे,
दारावर पोफळेंनी ठोकलेली लग्नातली सतरंजी.
इतर दिवशी माइकमधून थोडी ज्वारीही दळली जाते.
गुरुवारी गिरणी बंद.
तेवढं एक बरं.

पन्नास वॅट.
म्हणजे न्हाणीघरातला जुना पिवळा बल्ब.
त्याच्या उजेडात दिसेल तेवढंच आमचं गाव;
पुढे तळजाईची टेकडी आडवी पडते,
आणि तिच्या पलीकडे आम्ही नाही.

बातम्या द्यायची आम्हांला परवानगी नाही.
पण हरवलेलं मांजर ही बातमी नाही.
बालाजीनगरच्या रिक्षात राहिलेला, दातांच्या कवळीचा डबा
ही बातमी नाही.
शिलाई मशीन विकणे आहे, पायाचं, पट्टा नवीन.
झीनत तांबोळी काचेपलीकडून बोट वर करते,
सबमिशन बुडवून आलेली असते,
आणि मी वाचत जाते.

एकतीस वर्षं एक्स्चेंजमध्ये होते.
दुसऱ्यांचे आवाज दुसऱ्यांना जोडले.
कुणाचा बाप गेला, कुणाचं ठरलं,
दोन्हीकडचं माझ्या कानातून गेलं,
मी फक्त म्हणायचं, बोला.
आता मलाच कुणी म्हणत नाही, बोला,
तरी बोलते.
इन्व्हर्टर एक तास दहा मिनिटं चालतो.
कुणी ऐकतं का, हे कळायला
आमच्याकडे काही यंत्र नाही.

आखाड संपताना एक गृहस्थ जिना चढून वर आले.
बंसी राक्षे. चैतन्यनगरच्या कोपऱ्यावर इस्त्री करतात,
कोळशाची.
विजेशी त्यांचं काही देणंघेणं नाही.
रेडिओ सेलवरचा, खिळ्याला टांगलेला.
म्हणाले, मागच्या गुरुवारी तुम्ही तीनदा खोकलात.
ज्येष्ठमध धरा तोंडात.
म्हणाले, आमच्या गल्लीतली ती शेवंता नव्हे, शेवंती.
चुकीच्या नावाने वाढदिवस झाला,
दोन दिवस रुसली होती.
मग चप्पल घालता घालता थांबले.
आणखी एक. ते पान उलटल्याचा आवाज
हल्ली येत नाही.

झीनतने मान खाली घातली.
तीच तो आवाज पुसत होती महिनाभर,
नवं काहीतरी शिकून, खूप मेहनतीने.

येऊ द्या तो, राक्षे म्हणाले.
तुमचं पान उलटतं
तेव्हा मी बाही उलटतो.
सवय झालीय हाताला.
परवा एक शर्ट जळता जळता राहिला.

ते गेल्यावर आम्ही बराच वेळ काही बोललो नाही.
झीनतने चहा गाळला, साखर विसरली.
मी हिशोब करत होते:
तासाला साधारण चौदा पानं,
म्हणजे सात शर्ट,
कॉलर आणि पुढचे दोन पल्ले धरले तर पाचच.

मला वाटायचं, ऐकणारे म्हणजे शहर.
आता मला एक हात दिसतो, मनगटावर भाजल्याचा डाग,
पाणी शिंपडणारा,
आणि कापडातून निघणारी वाफ.
बाकीचे असतील, नसतील.

दोन वाजले. वीज गेली.
झीनतने बोट वर केलं.
माइक थोडा खाली ओढला मी, कागदाजवळ.
शेवंती कांबळे, तुझी माफी मागते, वाढदिवस पुन्हा एकदा.
पान उलटते.
थांबते, एका बाहीपुरती.

मग सांगते:
पद्मावतीच्या टाकीवरचं पाणी आज येणार नाही.
उद्या उशिरा येईल,
आणि कमी दाबाने.